बांधाच्या पोटात

श्रावणी अमावास्येच्या उधाणात तिवरपाड्याचा बांध फुटला, तेव्हा महिपत मुकादम घरात जेवत बसला होता. आधी आवाज आला. गडगडाट नव्हे, ओलं लुगडं कुणी सावकाश फाडावं तसा. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. तुळसानं, त्याच्या बायकोनं, विचारलं काय झालं, तर तो ताटावरून उठला. काय झालं ते त्याला कळलं होतं, आणि कुठं झालं तेही.

तिवरपाडा कल्याणच्या खालच्या अंगाला, खाडी रुंद होऊन ठाण्याकडे वळते तिथं. एका बाजूला खाडी, एका बाजूला भाताची खाचरं, मधे बांध. महिपत बाहेर आला तेव्हा माणसं पाड्याच्या टोकाला उभी होती आणि कुणी ओरडत नव्हतं. उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, पलीकडे बांधाला खांड पडली होती आणि तिच्यातून खाडी आत येत होती. धावत नव्हती. गढूळ, जाड पाणी अंग पसरत, हिरव्या लावणीवर झोपत पुढं येत होतं. बघता बघता खाचरांचे बांधोळे बुडाले, मग रोपांचे शेंडे, मग सगळं सपाट झालं. त्या पाण्यात वरचं काळं आभाळ दिसायला लागलं. म्हाताऱ्या बायांनी नकळत हात जोडले. एवढं मोठं काही आपल्या दारात येऊन उभं राहिलं की माणूस दुसरं काय करणार.

उघाडीचा राखणदार धाकू गळ्याइतक्या पाण्यात दाराच्या खांबाला धरून होता. गुरं सोडा, गुरं सोडा म्हणून तो तिथूनच सांगत होता. दोघा-तिघांनी दोर टाकून त्याला काढला. दोर टाकणाऱ्यांत महिपतही होता. दोघं एकाच वयाचे, याच खाडीत एकमेकांच्या कमरेला धरून पोहायला शिकलेले.

खारं पाणी एकदा शिरलं की त्या मातीत तीन-तीन वर्षं भात उभं राहत नाही. पण बांध पाडेकऱ्यांचा राहिला नव्हता. कल्याणला आगगाडी आली त्याला वीसेक वर्षं होऊन गेली होती आणि मुंबईच्या माणसांची नजर या किनाऱ्यावर पडली होती. एका कंपनीनं सरकारकडून सगळी खार, म्हणजे खाडीकाठची जमीन, पट्ट्यानं घेतली, जुना बांध वरून तासला आणि त्यावर नवा, उंच, सरळ बांध घातला. कंपनीचे कारभारी भाऊसाहेब ठाण्याला नौपाड्यात राहायचे. गोरे, हलक्या आवाजाचे, कुणाला अरे-तुरे न करणारे. त्यांनीच महिपतला मुकादम केलं, लाल पागोटं दिलं.

खाडीचा बांध भरायचा तो खाडीच्याच चिकण चिखलानं. ओहोटीला चिखलात उतरायचं, फावड्यानं गोळे कापायचे, माणसांच्या रांगेतून हातोहात वर द्यायचे, आणि थरावर थर पायांनी तुडवायचे. कंबर मोडते आणि काम मुंगीच्या चालीनं सरकतं. पावसाळा तोंडावर आला होता. भाऊसाहेबांनी महिपतला बाजूला घेऊन सांगितलं होतं की उघाडीच्या पलीकडचा तुकडा पेंढा आणि वरकसातली, म्हणजे माळावरची, भुरभुरी माती घालून भरून घ्या, बाहेरून दगड लावला की झालं. महिपतनं पागोटं सारखं केलं आणि हो म्हटलं. तो तुकडा त्यानं बाहेरगावच्या मजुरांकडून भरून घेतला. पाड्यातल्या एकाही माणसाला तिथं लावलं नाही. लाज तेव्हाच वाटली होती, म्हणून तर लावलं नाही.

आता तो तुकडा खाडीनं नेला होता. पेंढा, माती, दगड, सगळं.

भाद्रपदात कल्याणचे मामलेदार चौकशीला आले. त्यांच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब आले होते. पट्ट्यात कलम होतं की बांध कच्चा म्हणून फुटला तर कंपनीची खार जाईल, आणि गावच्या माणसाच्या हयगयीनं फुटला तर गावानं वेठीनं बांधून द्यावा. भाऊसाहेबांनी हे समजावून सांगितलं आणि म्हणाले, उघाडीचं दार भरतीला उघडं राहिलं असेल, तुम्ही पाहिलं असेल. आणि हेही म्हणाले की तुकडा कुणी भरला असं उद्या विचारलं तर मुकादम तुम्हीच आहात.

मामलेदारांसमोर महिपतनं गावदेवीच्या नावानं शपथ घेतली. धाकू उघाडीवर झोपला होता, दार उघडं होतं, पाण्यानं तिथून बांध कातरला, असं सांगितलं. कागदावर सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली. धाकू समोरच उभा होता. त्यानं नाही म्हणून सांगितलं, मग महिपतकडे बघितलं, आणि मग पुढं काही सांगितलंच नाही.

पाड्यानं धाकूला वाळीत टाकलं. शेतं गेली, वर वेठ आली. कुणावर तरी राग काढायचाच होता. धाकूची नोकरी गेली. त्याच्या बायकोला, गोदूबाईला, विहिरीवर कुणी दोर देईना. कार्तिकात धाकूची आई वारली आणि खांदा द्यायला कुणी आलं नाही. धाकूनं तिला चादरीत गुंडाळलं, पाठीशी बांधलं, आणि एकटा मसणवटीकडे निघाला. पुढं गोदूबाई, हातात मडकं. महिपतच्या ओट्यासमोरूनच वाट होती. त्या म्हातारीनं महिपतला लहानपणी कितीदा जेवू घातलं होतं. तो दाराआड उभा राहिला आणि फटीतून बघत राहिला. म्हातारीचे पाय धाकूच्या कमरेपाशी हलत होते. तुळसा मागं चुलीशी बसली होती. ती म्हणाली, "तुमी बाहेर जानार नाय?"

तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकू आणि गोदूबाई पाडा सोडून पारसिकच्या डोंगराखाली दगडाच्या खाणीवर कामाला गेले.

माघात पाणी उतरलं, थंडीनं चिखल घट्ट झाला आणि खांड बांधायला वेठीचं काम सुरू झालं. घरटी माणूस. भाऊसाहेबांनी या खेपेलाही तेच सांगितलं होतं, फक्त तुकडा मोठा होता. आतल्या अंगाला कंपनीनं घाटावरून आणलेली कुळं वसवायची ठरवली होती, त्यांच्या झोपड्यांच्या मेढी उभ्या राहत होत्या. पेंढ्याच्या गाड्या येऊन पडल्या होत्या. महिपतनं त्या बघितल्या आणि मान हलवली. आता मान हलवायची सवय झाली होती.

पाण्यानं खांडीत खोल डोह पाडला होता. पुनवेच्या मोठ्या ओहोटीला तो पहिल्यांदा पूर्ण उघडा पडला. तळाशी जुन्या बांधाचं बूड दिसलं, काळं, घोटीव. ज्याचा माथा कंपनीनं तासला होता, तोच पणज्या-आज्यांचा बांध. नवा सगळा गेला होता आणि तो तिथंच होता. पाया सपाट करायला आनंदा नावाच्या गड्यानं त्यात फावडं घातलं. चिखलाचा एक थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अलगद सुटला. आनंदा वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

खालच्या थरावर पावलं होती.

जुन्या माणसांनी थरावर राख शिंपून वरचा थर घातला होता, म्हणून तो सुटला. आणि खाली त्यांचे पाय होते तसे राहिले होते. शेकडो. टाचा, चवडे, बोटं. मोठ्या बापयांचे पाय, बायांचे पाय, आणि त्यांच्या मधून फिरलेले पोरांचे इवले पाय. एका पावलाला करंगळी नव्हती, आणि ते पाऊल सगळीकडे होतं, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मेहनती असला पाहिजे तो माणूस. ऊन तिरपं पडलं होतं आणि प्रत्येक पावलात थोडं पाणी चमकत होतं. आत्ताच तुडवून वर भाकरी खायला गेलेत, असं वाटत होतं.

माणसं कामाची अवजारं खाली ठेवून भोवती जमली. कुणी त्यावर पाय देईना. एक म्हातारी वाकून फेंगड्या पावलावरून हात फिरवत राहिली. तिची आजेसासू अशीच फेंगडी चालायची म्हणे. भाऊसाहेब काय झालं बघायला खाली आले. त्यांनीही बघितलं. बघता बघता त्यांनी एका पायातला बूट अर्धा काढला होता. मग भानावर आले, बूट चढवला, आणि वेळ जातोय, माती टाका, असं सांगून वर गेले.

महिपत तिथंच उभा होता. किती पिढ्यांपूर्वीची ही माणसं, त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती. खाडी रोज दोन वेळा येऊन त्यांना ढकलून गेली होती, आणि त्यांचं पाऊल पुसू शकली नव्हती. त्यानं जिची शपथ घेतली ती गावदेवी म्हणजे पाड्याच्या वेशीवरचा शेंदूर फासलेला दगड. त्या दगडाला डोळे नव्हते, म्हणून आपल्याला कुणी बघितलं नाही असं कुठंतरी त्याला वाटलं होतं. आता त्याला वाटलं, ती इथं खालीच होती. आपण तिच्यावर पेंढा टाकला. त्यानं चिखलात गुडघे टेकले. लोकांना वाटलं मुकादम पाया पडतोय, म्हणून मग सगळेच पाया पडले.

संध्याकाळ व्हायच्या आत तो देवीपाशी गेला. धोंडीबा भगत सुकलेली फुलं गोळा करत होता. महिपतनं त्याला सगळं सांगितलं. पेंढा, शपथ, नांगराची निशाणी, दाराची फट. सांगताना त्याचा आवाज कोरडा होता. शेवटी त्यानं विचारलं, खोट्या शपथेला देवी क्षमा करते का, काय करायचं असतं, बोकड की उपास. धोंडीबानं उरलेली फुलं ओच्यात घेतली. मग म्हणाला, "देवीचा मना ठाव नाय. ज्याचा नेलास त्याच्याकडं आधी जा. मंग इकडं ये."

दुसऱ्या दिवशी महिपत पारसिकला चालत गेला. खाणीत पांढरी धूळ उडत होती आणि बायाबापे ओळीनं बसून खडी फोडत होते. धाकू ओळखू आला नाही. भुवया पांढऱ्या, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. गोदूबाईनं महिपतला बघितलं, उठली आणि लांब जाऊन बसली. महिपत धाकूसमोर उकिडवा बसला. त्यानं पागोटं काढून धुळीत ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. धाकू फोडत राहिला. हातोडा पडायचा, दगड फुटायचा, कपचा महिपतच्या नडगीला लागायचा. सांगता सांगता महिपत धाकूच्या आईला नेलं त्या दिवसापर्यंत आला, तेव्हा हातोडा थांबला.

"मना कशाला सांगतंस?" धाकू म्हणाला. "मना तर ठाव हाय."

महिपतनं पायाशी पडलेली कपची उचलून बाजूला ठेवली.

"ज्यांना ठाव नाय त्यांना सांग," धाकू म्हणाला, आणि पुढचा दगड पायाशी ओढला.

महिपत परत निघाला. डोंगर चढून आल्यावर खाली खाडी दिसली, वळणावळणानं कल्याणपर्यंत गेलेली, आणि तिच्या कडेला दोरीएवढा बांध. त्याच्या आत धूर निघणारी घरं. एवढ्याशा दोरीच्या भरवशावर माणसं चुली पेटवून बसली होती. भीती त्याला होतीच, पण आता ती भाऊसाहेबांची नव्हती.

घरी येऊन त्यानं तुळसाला सांगितलं. बांध फुटला त्या दुपारी त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला निम्मं कळलं होतं. तुरुंग होईल, पाडा वाळीत टाकील, असं तो म्हणाला. तुळसानं पीठ मळता मळता एवढंच म्हटलं की वाळीत तर आपण कार्तिकापासूनच आहोत, कुणी टाकलं नाही एवढंच.

खांडीचं काम बघायला मामलेदार येणार होते त्या दिवशी पाड्याची सगळी माणसं बांधावर होती. भाऊसाहेब मामलेदारांना दाखवत पुढं चालले होते. दगड नीट बसवलेला, माथा सरळ दोरीत. अर्धा तुकडा वर आला होता. महिपत मागून चालत होता. खांडीपाशी आल्यावर तो वाटेत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी देवीची खोटी शपथ घेतली."

भाऊसाहेबांनी हलक्या आवाजात त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला नाही. धाकू झोपला नव्हता, दार बंद होतं, बांध पोटातून पोकळ होता आणि पोकळ मीच केला, कंपनीनं सांगितलं म्हणून. आताही तोच भरतोय. हे सगळं तो मान खाली घालून, न थांबता बोलला. वारं होतं, तरी बांधावरच्या शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

भाऊसाहेब म्हणाले, हा माणूस आपल्याच तोंडानं खोटारडा ठरतोय, याचं आता खरं कसं धरायचं. ते खरंच होतं. मामलेदारांनी महिपतकडे बघितलं, मग भाऊसाहेबांकडे. मग त्यांनी आनंदाला जवळ बोलावलं आणि दगडाची एक ओळ काढायला सांगितली. दगड निघाला. मागं भुरभुरी माती होती. ती आपोआप घसरून खाली आली. तिच्यामागं पेंढा होता, अजून पिवळा, कोरडा. मामलेदारांनी हात घालून मूठभर ओढला. हात कोपरापर्यंत आत गेला.

मग एका म्हातारीनं, धाकूच्या आईच्या बरोबरीची असेल, चिखलाचा गोळा उचलून महिपतला मारला. तो छातीवर लागला. दुसरा तोंडावर. तो पुसायला हात वर न करता उभा राहिला. गावच्या पाटलानं मधे पडून थांबवलं.

पुढच्या गोष्टी एकामागून एक झाल्या. कंपनीचं काम बंद झालं आणि पट्ट्याची चौकशी ठाण्याला लागली. घाटावरची माणसं मेढी उपटून घेऊन गेली. खोट्या शपथेबद्दल महिपतवर खटला ठेवला गेला. तारीख लागेपर्यंत पाटील जामीन राहिला. बांध गावानं आपला आपण बांधावा, वेठ म्हणून नव्हे, असं ठरलं, आणि ती खार परत गावाकडे यावी असं मामलेदारांनी वर लिहून पाठवलं. पाटील आणि भगत स्वतः पारसिकला जाऊन धाकूच्या पाया पडले. धाकू लगेच आला नाही. आला तेव्हा आपल्या घराचं दार उघडून आईची वाकळ बाहेर उन्हात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन बांधावर गेला.

फाल्गुनात, भांगाच्या बारीक भरत्यांच्या दिवसांत, खांड बुजवायला माणसं उतरली. पेंढा सगळा काढून जाळला होता. पुन्हा उघड्या पडलेल्या पावलांवर भगतानं गुलाल टाकला, राख शिंपली आणि त्यावर पहिला थर पडला. रांग लागली. खाली चिखलात कापणारे, मधे देणारे, वर तुडवणारे. महिपतही आला. पागोटं नव्हतं, लंगोटी लावलेली. कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो रांगेच्या तळाशी कमरेइतक्या चिखलात उतरला, गोळा कापला आणि वर धरला.

वरच्या माणसानं घेतला नाही. तो बाजूला वळून दुसऱ्याचा घ्यायला लागला. महिपत हात वर करून उभा राहिला. गोळा जड होता, चिखल ओघळून काखेत जात होता. शेवटी त्यानं तो स्वतःच पोटाशी धरून बांधाच्या उतारावर चढवला, ठेवला आणि खाली आला. दुसरा कापला. तोही असाच नेला. दिवसभर असंच चाललं. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले, पायाला शिंपल्यांनी चिरा पडल्या, खाऱ्या पाण्यानं त्या पेटल्या. तुळसा वर थर तुडवत होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया एकेक हात सरकून उभ्या होत्या. तिनं मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी, भरती यायला थोडाच वेळ राहिला असताना, महिपत उतारावर घसरला. गोळ्यासकट पालथा पडला. तो पुन्हा उठला आणि तोच गोळा चिखलातून वर काढला. तेव्हा रांगेत मध्यावर असलेला धाकू आपली जागा सोडून खाली आला. रांग थांबली. तो महिपतच्या एक पाऊल वर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"दे," तो म्हणाला.

महिपतनं दिला. धाकूनं तो घेतला, वळला आणि वरच्या माणसापुढं धरला. त्या माणसानं क्षणभर धाकूकडे बघितलं आणि घेतला. मग तो गोळा हातोहात वर गेला, वर बायांच्या पायाखाली पडला, आणि रांग पुन्हा चालू झाली. महिपत खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही. चिखल कापतोय असं दाखवत होता. धाकू वरून म्हणाला, "पानी येतंय. हात चालव."

पुनवेला होळी. त्या दुपारी पहिलं मोठं उधाण आलं. पाड्यातलं एकही माणूस घरात राहिलं नाही, आजारी म्हातारेसुद्धा पोरांनी पाठीवर आणले. सगळे बांधावर ओळीनं उभे राहिले. खाडी चढत होती. तिवरांचे बुंधे बुडाले, मग फांद्या, मग नुसते शेंडे राहिले. पाणी पायऱ्या चढल्यासारखं दगडाच्या एकेका ओळीवरून वर आलं. एका अंगाला बांधाच्या काठोकाठ खाडी, तळपणारी, पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेली; दुसऱ्या अंगाला, पुरुषभर खाली, कोरडी खाचरं आणि घरांची छपरं. मधे चार हात चिखल, आणि त्यावर माणसं. पाणी फुगून स्थिर झालं. लाट नाही, आवाज नाही. बांधाच्या पोटातून बारीक थरथर तळपायांना जाणवत होती, जशी गाभण गाईच्या अंगाला हात लावला की जाणवते.

महिपत ओळीच्या टोकाला होता. उद्या त्याला ठाण्याला हजर व्हायचं होतं. त्याचे हात जोडलेले होते, पण त्यानं काही मागितलं नाही. मागण्याएवढी जागाच मनात उरली नव्हती. एवढं पाणी, एवढं आभाळ, आणि त्याला इथं उभं राहू दिलं होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग दगडाच्या वरच्या ओळीखाली ओली रेघ दिसली, बोटभर. पाणी उतरायला लागलं होतं. तरीही कुणी जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो निघाला, पारसिकच्या अंगानं ठाण्याला. तुळसानं भाकरी बांधून दिली. उघाडीवर धाकू दार तपासत होता. महिपत थांबला. धाकूनं दाराच्या फळीवरून हात काढला नाही.

"मी माफ केला असा समजू नको," तो म्हणाला. मग फळी दाबून बघत म्हणाला, "लावनीच्या आत सुटलास तर घरला ये. मानसं कमी हायत."

महिपतनं मान हलवली आणि बांधावरून चालायला लागला. चिखल अजून ओला होता.